गामा, अली आणि आमच्या अटी

सोयाबीन बाजारात जाऊन आलेलं असतं, तुरीच्या शेंगा भरायला अजून वेळ असतो, त्या मधल्या दिवसांत वाशीम जिल्ह्यात जगातल्या सगळ्यात मोठ्या कुस्त्या होतात. त्यांना माती लागत नाही, डफडं लागत नाही, पैलवानही लागत नाहीत. पैलवान असलेच तर ते बहुधा वारलेले असतात आणि जन्मात एकमेकांना भेटलेले नसतात. पुसद नाक्याजवळच्या एका टपरीवर मी अशा कुस्त्या पुष्कळ पाहिल्या आहेत. पाहिल्या म्हणजे ऐकल्या. पण ज्या आवाजात त्या होतात त्यावरून पाहिल्या म्हणायला हरकत नाही.

मंडळी ठरलेली आहेत. एक गणिताचे निवृत्त गुरुजी. दुसरे पहेलवान काका. तरुणपणी आपण अर्ध्या वऱ्हाडातल्या आमदंगली मारल्या असं ते सांगतात. मातीत मुरलेल्या माणसाचे कान रगडून रगडून गोळा झालेले असतात. काकांचे दोन्ही कान देवानं दिले तसे शाबूत आहेत, पण हा विषय टपरीवर कुणी काढत नाही. तिसरे पी.टी.चे सर. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. त्या मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, आणि बोलणं नळाच्या पाण्यावर चाललेलं असो की कुणाच्या नातीच्या बारशावर, सर मध्ये एकदा बर्लिनला जाऊन येतातच. चौथा जिमवाला पोरगा. त्याच्या भिंतीवर बजरंगबली आणि माइक टायसन शेजारी शेजारी आहेत. पाचवा बाजार समितीतला हमाल. तो बोलत नाही, चहा पितो.

एकदा जिमवाल्यानं खडा टाकला, "गामा अन् मोहम्मद अलीची लावली तं?"

कोण जिंकेल, हे कुणीच बोललं नाही. गुरुजी म्हणाले, "कुठी?"

"मातीत," पहेलवान काका.

"मातीत अली कायले उतरते? थो रिंगणातला मानूस."

"मंग रिंगणात घ्या."

"रिंगणात गामाच्या हातात मोजे घालता काय? मोजे घालून धोबीपछाड मारते का कोनी?"

"काढा मंग मोजे."

"मोजे काढले तं थो अली कायचा राह्यला?"

पहिला चहा संपेपर्यंत ठरलं, की माती टाकायची पण भोवती दोर बांधायचे. दुसऱ्या चहाला ठरलं, की अलीनं एकाच हातात मोजा घालावा. मग वयाचा प्रश्न निघाला. गामा कोणता घ्यायचा, १९१० चा की १९२८ चा? अली कोणता, त्याच्यावर खेळायची बंदी यायच्या आधीचा की नंतरचा? पी.टी.चे सर म्हणाले, दोघांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. गामाच्या थंडाईत भांग नव्हती कशावरून? यावर काका इतके दुखावले की त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. शेवटी त्यांनी स्वतःची एक अट घातली, "अलीचं तोंड बांधा. बोलू बोलूच अर्धा मानूस मारते थो." ही अट तेवढी एकमतानं मंजूर झाली.

कुस्ती झाली नाही. ती कधीच होत नाही.

बाहेरच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटेल. वाशीमच्या माणसाला वाटत नाही, कारण त्यानं बाजार समितीच्या आवारात सोयाबीन विकलेलं असतं. तिथं व्यापारी भावाचं नंतर बोलतो. आधी तो मूठभर दाणे उचलतो, यंत्रात टाकतो आणि ओलावा सांगतो. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की पुढचं सगळं बोलणं नुसतं उपचाराचं. भाव तिथंच पडलेला असतो. ज्याच्या हातात ओलाव्याचं यंत्र, त्याच्या हातात सौदा. आमची मंडळी कुस्तीतही आधी यंत्र कुणाच्या हातात आहे ते पाहतात. आणि मोठमोठ्या कुस्त्यांचा इतिहास काढला तर त्यांचं काही चुकतं असं म्हणवत नाही. मल्ल एकमेकांना पाडतात ते मागाहून. अटींनी त्याआधीच कुणाला तरी पाडून ठेवलेलं असतं.

गामाचंच घ्या. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये त्याची पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी गाठ पडली. गामा उंचीला साडेपाच फुटांच्या जरा वर, झिबिस्को वजनाला त्याच्याहून बराच भारी. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. झिबिस्को पोटावर पालथा पडला आणि पडूनच राहिला. दोन्ही खांदे लागले तर हार. पोट लागलं तर नियमाचं काही म्हणणं नव्हतं. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलथवायला बघत होता आणि झिबिस्को गादी सोडायला तयार नव्हता. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ तारखेला पुन्हा लावायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाच्या कमरेला बसला.

पुढे १९२८ मध्ये पतियाळाला त्याच दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. दोघंही पन्नाशीच्या आसपास. माणसं तीच, डावही तेच. लंडनची गादी जाऊन पंजाबची माती आली, एवढंच. एक मिनिट पुरं व्हायच्या आत झिबिस्को चीत.

"लंडनात अडीच घंटे, पतियाळात एक मिंट," काका म्हणाले. गुरुजींनी लगेच भागाकार केला: माती ही गादीपेक्षा दीडशे पट बरी. हे गुणोत्तर ते अजून वापरतात. खाशाबा जाधव आणि आजकालचे मल्ल यांच्यावर बोलतानाही एकदा त्यांनी एका बाजूला दीडशेनं गुणलं होतं.

गामाचं नाव निघालं की बडोद्याचा दगड निघतोच. १९०२ मध्ये गामानं तिथं १२०० किलोचा दगड उचलला असं सांगतात, आणि तो दगड बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. बडोदा गायकवाडांचं, म्हणून दगड आम्ही मराठी मुलखातलाच धरतो. १२०० किलो म्हटल्यावर टपरीवर सगळे एकदम गप्प झाले. आदरानं नव्हे, जो तो मनात क्विंटल करत होता. बारा क्विंटल. म्हणजे कोरडवाहू दोन एकरांचं सोयाबीन. तेव्हा हमालानं कप खाली ठेवला.

"उचलला थे ठीक हाये. पन चढवला कुठी?"

कुणाला कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. नुसतं उचलणं हे काही काम नव्हे. उचललं ते ट्रकात चढवलं पाहिजे, गोदामात थप्पी लावली पाहिजे आणि दिवस मावळेपर्यंत पुन्हा पुन्हा उचललं पाहिजे. गामानं दगड उचलून परत तिथंच ठेवला असेल, तर त्याची हमाली कोणताच अडत्या देणार नाही. काकांनी या माणसाकडे असं पाहिलं, की त्याच्याशीच आता लांग चढवून उतरावं लागणार. पण हमालाचा दंड पाहून त्यांनी विषय गामाच्या खुराकाकडे वळवला. गामाचं दूध आमच्याकडे दर चहाला वाढतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते पाच लिटर होतं, आता पंधरावर गेलं आहे. ज्या चहाबरोबर हा हिशेब चालतो त्यात दूध किती असतं, हे टपरीवाल्यालाच माहीत.

गामा-अली हा जोड अगदीच हवेतला नाही, हा शोध गुरुजींचा. अली एका पैलवानाशी खरोखरच लढला होता. २६ जून १९७६, टोकियो; समोर जपानचा अँटोनियो इनोकी. एक मुष्टियोद्धा, एक मल्ल. सामन्याआधी अटींवर एवढी रस्सीखेच झाली की इनोकीचे हात जवळजवळ बांधलेच गेले. एक गुडघा जमिनीवर टेकलेला असल्याशिवाय लाथ मारायची नाही, अशी एक अट होती म्हणतात. इनोकी आमच्या बाजार समितीत वाढल्यासारखा शहाणा निघाला. तो सरळ पाठीवर आडवा झाला आणि पंधरा फेऱ्या पडल्या पडल्या अलीच्या पायांवर लाथा घालत राहिला. अलीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठोसे मारता आले. निकाल बरोबरीचा, अलीचे पाय मात्र सुजले. १९१० मध्ये एक पोटावर पडला, १९७६ मध्ये दुसरा पाठीवर पडला. मधल्या सहासष्ट वर्षांत जागतिक कुस्तीनं केलेली प्रगती ती एवढी.

आता गुरुजींचं त्रैराशिक. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला इनोकीनं अक्रम पहेलवानाचा हात पिरगाळून त्याला हरवलं. अक्रम हा गामाचा भाऊ इमामबक्ष याचा मुलगा. म्हणजे अली बरोबर इनोकी, इनोकी मोठा अक्रमपेक्षा, आणि अक्रम गामाचा पुतण्या.

"मंग अली जिकला ना!" जिमवाला उडालाच.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "पुतन्या हारला म्हनून काका हारते, असं कोन सांगतलं तुले? अन् महाराष्ट्रात काका-पुतन्याचा हिशेब कोनी लावू नाई. कोर्टालेबी वेळ लागते."

शिवाय हिशेब तिथं संपत नाही. १९७९ मध्ये लाहोरला अक्रमचा पुतण्या झारा इनोकीसमोर उभा राहिला, कोवळ्या वयाचा. कुस्ती बरोबरीत सुटली आणि इनोकीनं स्वतः झाराचा हात धरून वर केला. म्हणजे काकाची बाकी पुतण्यानं फेडली. गुरुजींनी दोन्ही बाजूंना पुतण्ये छेदून टाकले. खाली उरले पुन्हा गामा आणि अली, जिथून निघाले तिथेच.

हे असलं कोडं यंत्रानं सोडवायचा प्रयत्न अमेरिकेत होऊन गेला आहे. मरे वोरोनर नावाच्या एका रेडिओवाल्यानं १९६७ मध्ये निरनिराळ्या काळातल्या हेवीवेट विजेत्यांची माहिती कॉम्प्युटरला भरवली आणि त्यांची आपसात लावून रेडिओवरून त्या मारामाऱ्यांचं धावतं वर्णन ऐकवलं. त्यात अलीला जिम जेफ्रीजनं हरवलं. हा जेफ्रीज विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. अलीनं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. न झालेल्या लढतीत हरवलं म्हणून कोर्टात जाणं, ही गोष्ट वाशीममध्ये सगळ्यांना मनापासून पटली. बांधावरून आम्ही याहून कमी कारणासाठी गेलेलो आहोत.

दाव्यात तडजोड झाली ती अशी, की अलीनं रॉकी मार्सियानोबरोबर एक चित्रपट करायचा. मार्सियानो ४९ लढतींत अजिंक्य राहून निवृत्त झालेला. आता वय पंचेचाळीस, पोट उतरवलेलं, डोक्यावर केसांचा टोप. अलीवर तेव्हा बंदी होती आणि पैशाची नड. १९६९ मध्ये दोघं एका स्टुडिओत खोटे खोटे गुद्दे मारत राहिले. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तो जोडायचा. चित्रपट यायच्या आधीच, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. २० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या थेटरांत लोकांनी पाहिलं ते असं, की तेराव्या फेरीत मार्सियानोनं अलीला आडवा केला. युरोपात मात्र अली जिंकल्याची आवृत्ती दाखवली असं सांगतात. कॉम्प्युटर अलाबामात बनवलेला असणार, असा टोमणा अलीनं मारला म्हणे. काळ्या माणसाला न्याय मिळण्याबद्दल त्या राज्याची ख्याती नव्हती.

काकांना यात एकच शंका. "टोप पडला असता तं? खांदे लागले धरतेत का टोप?"

जिमवाल्याच्या पिढीचा या विषयातला पाया आमच्यापेक्षा पक्का आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. ही पोरं शाळेत असताना दप्तरात कुस्तीगिरांचे पत्ते असत. प्रत्येक पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती विजय. समोरच्याच्या पत्त्यापेक्षा आपला आकडा मोठा की पत्ता आपला. तिथं माती-गादी असला काही घोळ नव्हता. कोणता आकडा विचारायचा हे ज्याची पाळी त्यानं ठरवायचं. म्हणजे अट तिथंही होतीच. परवा या पोरानं गामा-अलीचा प्रश्न सरळ मोबाइलला विचारला. मोबाइलनं सांगितलं, हे अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. गुरुजी म्हणाले, "वाशीमचाच दिसते."

खरं पाहता दोन काळांतले पैलवान समोरासमोर आणायची कल्पना अमेरिकेची नव्हेच. तो मान व्यासांचा. वनपर्वात द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला भीम निघतो आणि वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलेलं असतं. हनुमान त्रेतायुगातला, भीम द्वापरातला. एवढं अंतर गामा आणि अलीतही नाही. आणि आयोजक म्हणून व्यास किती बिलंदर! पूर्ण कुस्ती लावलीच नाही. अट एकच: ही शेपटी बाजूला कर आणि जा. भीमाला शेपटी हलेना. शिवाय दोघंही वायुपुत्र, म्हणजे निकाल काहीही लागला तरी घरातल्या घरात. आणि इथंही ज्याला पाडता येत नाही तो आधीपासून पडलेलाच आहे, हे माझं निरीक्षण मी टपरीवर मांडलं, तर झिबिस्को आणि इनोकीच्या रांगेत मारुतीला बसवल्याबद्दल काकांनी मला हात जोडून माफी मागायला लावली.

मारुतीमुळेच आमच्याकडे दारासिंगची कुस्ती लावता येत नाही. पूर्वी यायची. दारासिंग आणि किंगकाँग, दारासिंग आणि गामा, सगळं चालायचं. १९८७ मध्ये रविवारी सकाळी दारासिंग हनुमान होऊन दूरदर्शनवर आला आणि हा मल्ल वादातून कायमचा बाद झाला. आखाडा कुठलाही असो, कोनाड्यात मारुती असतोच. त्याच्या पाया पडल्याशिवाय मातीला कुणी हात लावत नाही. आता ज्याच्या पाया पडायचं त्यालाच पाडायचं कसं? जिमवाल्यानं एकदा द ग्रेट खलीचं नाव काढलं. सात फुटांच्या वर उंची, २००६ मध्ये अंडरटेकरला आडवा केलेला. काका शांतपणे म्हणाले, "द्रोनागिरी उचलला का त्यानं?" आणि हमालानं, जो गामाच्या दगडाला पैसे द्यायला तयार नव्हता, मान डोलावली. "हां. ह्यानं पोचवला बी."

मध्ये कोल्हापूरकडचे एक साहेब बदलीवर आले होते. त्यांना वाटलं, आपल्याइतकं या विषयातलं इथं कुणाला कळणार! होतंही तसंच. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे १९५९ चे, गणपतराव आंदळकर, मारुती माने, सगळं त्यांना मुखपाठ. पण माहिती असलेला माणूस असल्या वादात टिकत नाही. साहेबांनी सांगितलं, हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला कसं पाडलं. डाव न् डाव सांगितला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग गुरुजी म्हणाले, "पन हे तं झालेलं हाये, साहेब. झालेल्या कुस्तीत बोलाव काय?"

साहेबांनी जाता जाता सूड उगवला. २०१८ मध्ये जालन्याला बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, ती बुलडाण्याकडून. बुलडाणा आमचा शेजारी. मालेगाव तालुका ओलांडून मेहकरकडे गेलं की लागलाच. वऱ्हाडात गदा आली म्हणून टपरीनं ती आपलीच धरली होती. साहेब म्हणाले, "अहो, तो मूळचा करमाळ्याचा. सोलापूर जिल्हा." टपरीवर दुखवटा पसरला. पण अटी ठरवण्यात हयात घातलेली माणसं एवढ्यावर हरत नसतात. गुरुजी म्हणाले, मल्ल जिथून उतरतो तिथला धरायचा, नाहीतर झिबिस्कोलाही विचारा की गाव कोणतं.

आणि स्थानिक मल्लांची उणीव म्हणाल तर ती कागदोपत्री. जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा, तिथं एक पहेलवान होऊन गेलेला असतो. त्याचा फोटो नसतो, साल नसतं, नावही दोघे जण दोन सांगतात. तो कधी हरलेला नसतो. गामाशी त्याची गाठ पडायचीच होती. पण गामाची गाडी अकोल्याहून परस्पर निघून गेली किंवा यानं त्या वर्षी वावर पेरायला घेतलं होतं. शड्डू ठोकला की वेशीवरचे कावळे उडत. हा मल्ल आम्ही वादात उतरवत नाही. त्याला कोणती अट घालायची हेच कळत नाही. त्याच्यावर अजून कोणत्याही माणसाच्या माहितीचा डाग पडलेला नाही.

खाशाबांचं मात्र नाव निघालं की वाद वेगळ्या अंगावर जातो. अडचण वजनाची. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते उतरले ते ५७ किलोच्या गटात. मारुतीची माफी मागून दारासिंगला वादात परत आणलं, तरी सव्वाशे किलोच्या घरातल्या त्या गड्यासमोर त्यांना उभं कसं करणार? गुरुजींनी तोडगा काढला, दोन खाशाबा विरुद्ध एक दारासिंग. जिमवाला म्हणाला, त्यापेक्षा दारासिंगलाच खाशाबांच्या वजनावर आणा. काका म्हणाले, मग तो अर्धाच राहील, आणि हनुमानाचा कोणता अर्धा ठेवायचा?

हेलसिंकीत काय झालं ते सर सांगतात, आणि त्या वेळी ते बर्लिनला जात नाहीत. जपानच्या शोहाची इशीशी लांबलचक कुस्ती करून खाशाबा उतरले, तर त्यांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा द्यायचा, असा नियम होता. तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि हेलसिंकीला जायचे पैसे तरी कसे उभे राहिले? गावोगाव हिंडून वर्गणी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर सात हजारांसाठी घर गहाण टाकलं.

इथं टपरी खवळते, आणि माझ्या मते रास्त खवळते. अर्ध्या तासाची अट मांडायला माणूस नव्हता! अरे, अट मांडायला माणूस! आमच्याकडे दुसरं आहे काय? त्या दिवशी हेलसिंकीत नुसते गुरुजी असते तरी पुरे होतं. त्यांनी आधी नियमावली मागितली असती. मग ती मराठीत मागितली असती. घड्याळ कुणाचं धरायचं, अर्धा तास उतरल्यापासून की श्वास बसल्यापासून, यावर त्यांनी फिनलंडच्या पंचांना चहा पाजला असता. काका मधोमध गादीवर जाऊन बसले असते, आणि हमालाशिवाय त्यांना तिथून कुणी उचललं नसतं. संध्याकाळ झाली असती. खाशाबा तोवर झोप काढून उठले असते.

पंचांवरून आठवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य फेरीत खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला आणि एका मल्लानं पंचालाच लाथ मारली. हजारो माणसांदेखत, कॅमेऱ्यांसमोर, उजेडात झालेली कुस्ती ती. तेव्हापासून गामा-अलीच्या कुस्तीला पंच कोण, हा प्रश्न आमच्याकडे ऐरणीवर आहे. श्रीकृष्णाचं नाव आलं. दुर्योधनाच्या मांडीचं प्रकरण काढून ते फेटाळलं. बलरामाचं आलं, तो दुर्योधनाचा गुरू. झिबिस्को नको, पडून बघेल. शेवटी हमाल मोकळा आहे असं निघालं, पण तो म्हणाला, "इनाम किती?"

हे कुणीच ठरवलं नव्हतं. काकांनी तिथल्या तिथं एकावन्न लाख जाहीर केले. सरांनी त्यात चांदीची गदा घातली. जिमवाला म्हणाला, अली डॉलरशिवाय यायचा नाही, तर गुरुजींनी एक कोटी करून टाका म्हणून सांगितलं. एवढ्यात जवळच्याच एका गावची दोन पोट्टी पावतीपुस्तक घेऊन आली. यात्रेतली आमदंगल होती. वर्गणी पाहिजे होती.

गुरुजींनी विचारलं, माती कुणाची टाकता? काकांनी विचारलं, शेवटची कुस्ती केवढ्याची? सरांनी विचारलं, डॉक्टर ठेवला का? पोट्ट्यांनी सगळी उत्तरं दिली आणि पेन उघडून उभी राहिली. पाचशे एकपासून सुरू झालं. अडीचशेवर सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला, एकशे एकवर अवकाळी पावसाचा. हमालानं मुकाट्यानं खिशातून शंभराची नोट काढून दिली आणि तो कामावर निघून गेला. मग काका पोट्ट्याच्या कानाशी वाकले.

"एकावन्न लिही. अन् हे पाय, नाव माहं नको टाकू. गामाचं टाक."